अन्नाच्या पाकिटापलीकडे: बेघरांसाठी वस्त्यांनी एकत्र कसे यावे?

भीमजयंतीला, बुद्धपौर्णिमेला आणि ६ डिसेंबरला आपली मंडळे मोठ्या प्रमाणात अन्नदान करतात. चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. त्यांचे जेवण, पाणी, औषधे, हरवलेली माणसे, झोपण्याची सोय हे सगळे कार्यकर्ते वर्षानुवर्षे सांभाळत आले आहेत. दीक्षाभूमीवरही तेच चित्र दिसते. म्हणजे मोठ्या संख्येने आलेल्या माणसांची काळजी घेणे आपल्याला जमते. पण ७ डिसेंबरला मंडप उतरतो, पाहुणे आपापल्या गावी जातात आणि ज्यांना परत जायला गावही नाही नि घरही नाही, ते दादरच्या, भायखळ्याच्या, कुर्ल्याच्या त्याच फुटपाथवर राहतात.

एका दिवसाचे जेवण दिल्याने त्या दिवसाची भूक भागते. बेघरपण मात्र तसेच राहते. ते कमी करायचे तर काय लागते, कायदा काय देतो, कोणाकडून काय मिळवता येते आणि एका विहाराला किंवा एका मंडळाला जे एकट्याने जमत नाही ते आजूबाजूच्या सगळ्या समाजांनी मिळून कसे करावे, हे आम्ही या लेखात मांडत आहोत. वाचून झाल्यावर आपापल्या वॉर्डात एक बैठक बोलावता यावी, एवढाच हेतू आहे.

बेघर म्हणजे कोण?

जनगणनेची व्याख्या सोपी आहे. जे कुटुंब कोणत्याही घरात राहत नाही, उघड्यावर, रस्त्याकडेला, फुटपाथवर, पाइपात, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या ओट्यावर किंवा रेल्वेच्या फलाटावर राहते, ते बेघर. २०११ च्या जनगणनेत भारतात १७.७३ लाख बेघर माणसे मोजली गेली. त्यातली सुमारे २.१ लाख महाराष्ट्रात होती आणि सुमारे ५७ हजार एकट्या मुंबईत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशातली बेघरांची एकूण संख्या कमी झाली, पण शहरांतली वाढली. ती ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेली. हे आकडे कमीच असणार, कारण ही मोजणी एका रात्रीत होते. त्या रात्री जो माणूस दिसला नाही, तो कागदावर येत नाही.

झोपडपट्टीत राहणारा आणि बेघर यांत फरक आहे. झोपडीला चार भिंती असतात, एक नंबर असतो, बहुतेक वेळा रेशनकार्डावर टाकायला पत्ता असतो. बेघराकडे यातले काहीच नसते. पत्ता नाही म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून योजना नाही, असे ते चक्र आहे.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. रस्त्यावर झोपणारी सगळीच माणसे भीक मागणारी नसतात. त्यातले कितीतरी जण पहाटे नाक्यावर उभे राहतात, इमारतींची कामे करतात, हातगाडी ओढतात, लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासतात, कचरा वेचतात, सिग्नलवर गजरे विकतात. शहर चालवायला त्यांचे हात लागतात, पण शहराने त्यांच्या झोपण्याचा विचार केलेला नाही. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर बाहेरगावाहून आलेले कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उपचार चालू असेपर्यंत फुटपाथवर राहतात. मुंबईतल्या पारधी कुटुंबांच्या पिढ्या रस्त्यावर वाढल्या आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मारलेला शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, पण त्यांना पाहिल्यावर पोलिसाच्या आणि शेजाऱ्याच्या नजरेतून तो आजही जात नाही. मुलांनी घराबाहेर काढलेले म्हातारे आहेत. नवऱ्याची मारहाण सहन न झाल्याने मुलांना घेऊन निघालेल्या बायका आहेत. मानसिक आजारामुळे आपले गावच विसरलेली माणसे आहेत.

प्रत्येकाचे कारण वेगळे आहे आणि म्हणूनच एका प्रकारची मदत सगळ्यांना लागू पडत नाही. कामगाराला कामाच्या जवळ झोपायची सुरक्षित जागा आणि सामान ठेवायला पेटी हवी. रुग्णाला काही महिन्यांची खोली हवी. मनोरुग्णाला आधी उपचार हवेत. कुटुंबाला दार लावता येईल अशी खोली आणि मुलांसाठी जवळची शाळा हवी.

हा आपला प्रश्न कसा?

सप्टेंबर १९१७ मध्ये बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीसाठी गेले. परदेशात शिकून आलेला, राजाच्या पदरी अधिकारी असलेला हा माणूस त्या शहरात राहायला जागा शोधत होता. जातीमुळे कुठेच जागा मिळेना, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. तिथे त्यांची जात कळली आणि लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. ओळखीच्या मित्रांनीही घरात घेतले नाही. शेवटी त्यांनी एका सार्वजनिक बागेत दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. ती जागा आज आपण संकल्पभूमी म्हणून ओळखतो. खिशात पगार होता, हातात पदवी होती, तरी डोक्यावर छप्पर नव्हते. घर न मिळण्यामागे गरिबी असते तशी जातही असते, हे आपल्याला दुसऱ्या कोणी सांगायला नको.

आजही भाड्याने खोली शोधणाऱ्या आपल्या मुलांना आडनाव विचारले जाते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, पश्चिम महाराष्ट्रातून मुंबई-पुण्यात आलेल्या कितीतरी कुटुंबांनी पहिली रात्र रस्त्यावरच काढली आणि पुढे खाडीत भरणी करून वस्त्या उभ्या केल्या. त्या वस्त्यांतल्या बुद्धविहारांत आज आपण बसतो. म्हणजे फुटपाथ आणि आपले घर यांत फार तर एका पिढीचे अंतर आहे.

धम्माच्या परंपरेतही या प्रश्नाचा विचार आहे. दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात राज्यात चोरी-लुटारूपणा वाढल्यावर राजाला सल्ला दिला जातो, की शिक्षा करून हे थांबणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला पगार दे. त्याच निकायातले चक्कवत्ति सुत्त सांगते, की गरजूंना धन दिले गेले नाही, त्यातून दारिद्र्य पसरले आणि दारिद्र्यातून पुढचे सगळे अनर्थ आले. दोन्हीकडे दोष गरिबाच्या स्वभावावर टाकलेला नाही. व्यवस्थेने काय द्यायला हवे होते आणि ते दिले का, हा तिथला प्रश्न आहे.

कायदा आपल्याला काय देतो?

आपण काही मागायला गेलो की अधिकारी उपकार केल्यासारखे बोलतात. म्हणून हक्क कोणता आहे, हे आधी माहीत हवे.

पहिली गोष्ट, ओल्गा टेलिस खटला. १९८१ मध्ये मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवून शहराबाहेर काढायचे सरकारने ठरवले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, कारण फुटपाथवरून हटवलेल्या माणसाचे कामही जाते. फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र न्यायालयाने मान्य केला नाही. रीतसर सूचना देऊन हटवता येईल, पण त्या वर्षीचा पावसाळा संपेपर्यंत नाही, असे सांगितले. म्हणजे निकालाने अर्धे दिले आणि अर्धे नाकारले. उरलेले अर्धे अजून मिळवायचे आहे.

दुसरी गोष्ट, निवारे. अन्नाच्या हक्कासाठी २००१ मध्ये दाखल झालेल्या याचिकेत २०१० साली दिल्लीच्या थंडीत बेघरांचे हाल समोर आले आणि सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्यांबद्दल आदेश दिले. प्रत्येक १ लाख लोकसंख्येमागे १०० माणसांसाठी एक, चोवीस तास आणि बाराही महिने चालणारा निवारा हा निकष तेव्हापासून मानला जातो. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांच्या निवाऱ्यांची स्वतंत्र योजना आली. त्यात माणशी किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, शौचालय, वीज, सामानाची पेटी, स्वयंपाकाची सोय अशी यादी आहे. स्त्रिया, कुटुंबे, वृद्ध, आजारी माणसे यांच्यासाठी वेगळे निवारे करावेत, असेही म्हटले आहे. निवारे चालवण्याचे काम सामाजिक संस्थांना देता येते. निवारे कागदावरच राहतात हे लक्षात आल्यावर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. योजनांची नावे बदलत राहतात, पण १ लाखामागे एक निवारा हे माप आपण सोडता कामा नये.

आता हिशोब करू. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १.२४ कोटी होती. या मापाने तेव्हाच १२४ निवारे हवे होते. प्रत्यक्षातला आकडा त्याच्या जवळपासही नाही. आपल्या शहरासाठी हाच हिशोब करा. ५ लाखांचे शहर असेल तर ५ निवारे. किती चालू आहेत, हे विचारायला माहिती अधिकाराचा एक अर्ज आणि १० रुपयांचे शुल्क पुरते. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे.

तिसरी गोष्ट, भिकारी कायदा. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. त्यात भीक मागणे एवढाच गुन्हा नाही. उपजीविकेचे दिसते साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणाऱ्या माणसालाही भिकारी ठरवता येते आणि वॉरंटशिवाय पकडता येते. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे, पुन्हा पुन्हा झाल्यास दहा वर्षांपर्यंत डांबून ठेवण्याची तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये याच कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. २०२१ मध्ये भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयासमोर आली, तेव्हा न्यायालयाने हा सामाजिक-आर्थिक प्रश्न असल्याचे सांगत तसा आदेश द्यायला नकार दिला. महाराष्ट्रात हा कायदा रद्द व्हावा, ही मागणी आपल्या निवेदनांत यायला हवी.

चौथी गोष्ट, मानसिक आजार. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार बेघर माणसाला सरकारी मानसोपचार केंद्रात मोफत उपचारांचा हक्क आहे. त्यासाठी दारिद्र्यरेषेचे कार्ड लागत नाही. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण आढळला तर त्याला सुरक्षितपणे रुग्णालयात पोहोचवण्याची जबाबदारी त्या भागातल्या पोलीस ठाण्यावर आहे.

पाचवी गोष्ट, मतदान. बेघर माणसाला मतदार होता येते. नमुना ६ भरून द्यायचा. पत्त्याचा पुरावा नसेल तर मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या जागी जाऊन, माणूस खरोखर तिथे झोपतो का, हे पाहतो. ज्या फुटपाथवर दोनशे मतदार आहेत, तिथे उमेदवारालाही थांबावे लागते.

एकत्र आल्याने काय होते, याचे दाखले

१९८४ मध्ये मुंबईत स्पार्क ही संस्था सुरू झाली. तिने भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांबरोबर काम सुरू केले. १९८५ मध्ये त्यांनी फुटपाथवरच्या सुमारे ६ हजार कुटुंबांची मोजणी केली. ही माणसे कालपरवा आलेली नाहीत, ती शहराच्या रोजच्या कामाचा भाग आहेत, हे त्यातून आकड्यांनिशी समोर आले. पुढे या बायकांची महिला मिलन ही संघटना उभी राहिली. जोकिन अर्पुथम यांच्या नेतृत्वाखालचा राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ सोबत आला. बायकांनी रोज रुपया-दोन रुपये जमवले, कागदपत्रे जपली, आपल्याला परवडेल असे घर केवढे असावे याचे नमुने कापड आणि लाकूड वापरून स्वतः उभे केले. १९९५ च्या पुनर्वसन धोरणात पात्र फुटपाथवासीयांनाही घराचा हक्कदार धरले गेले आणि मानखुर्दला या बायकांची स्वतःची वसाहत झाली. या संघटनेत मुस्लिम बायका होत्या, दलित बायका होत्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या बायका होत्या. पत्ता एकच होता, तो म्हणजे फुटपाथ.

दुसरा दाखला गाडगेबाबांचा. परगावाहून येणाऱ्या गरिबाला अंग टाकायला जागा हवी, म्हणून त्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत आजही कॅन्सरच्या रुग्णांना आसरा मिळतो. एका समाजाने उभी केलेली इमारत दुसऱ्याच्या कामी येते, ती अशी.

तिसरा दाखला ब्रिटनमधला. तिथल्या अनेक गावांत थंडीच्या दिवसांत सात प्रार्थनास्थळे एकत्र येतात आणि आठवड्यातला एकेक वार वाटून घेतात. सोमवारी एका चर्चच्या हॉलमध्ये गाद्या पडतात, मंगळवारी दुसऱ्या. काही ठिकाणी मशिदी आणि ज्यूंची प्रार्थनास्थळेही यात सामील झाली. कोणावरही पूर्ण भार पडत नाही आणि आठवडाभर माणसाला छप्पर मिळते. आपल्याकडे थंडीपेक्षा पावसाचे चार महिने कठीण असतात. एका वॉर्डात विहार, गुरुद्वारा, चर्च, मशिदीचा हॉल, समाजमंदिर, गणेशोत्सव मंडळाचे सभागृह आणि एखाद्या शाळेची खोली, असे सात वार जुळवता येतात. निदान अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या रात्रींसाठी तरी हे नक्की होऊ शकते.

फिनलंडने २००८ पासून आणखी पुढचे पाऊल टाकले. आधी माणूस सुधारू दे, मग घर देऊ, हा क्रम त्यांनी उलटा केला. रात्र काढण्याच्या मोठ्या निवाऱ्यांचे त्यांनी छोट्या खोल्यांत रूपांतर केले आणि माणसाला त्याच्या नावाचा भाडेकरार दिला. व्यसनमुक्ती, नोकरी, उपचार हे घर मिळाल्यावर. तिथली बेघरांची संख्या त्यानंतर लक्षणीय घटली. फिनलंडकडचा पैसा आपल्याकडे नाही हे खरे, पण क्रम तर घेता येतो. रोज रात्री जागा शोधणारा माणूस दारू सोडण्याचा विचार कधी करणार?

वॉर्डात काम कसे उभे करावे?

एक, बैठक. पहिली बैठक विहारातच घ्यायला हवी असे नाही. महापालिकेच्या शाळेत किंवा समाजमंदिरात घेतली तर इतरांना यायला सोपे जाते. भीमजयंती मंडळ, महिला बचत गट, मशिदीचा ट्रस्ट, गुरुद्वारा, चर्च, गणेशोत्सव मंडळ, रिक्षा युनियन, फेरीवाल्यांची संघटना, कॉलेजची एनएसएस, जवळचे डॉक्टर आणि मेडिकलवाले यांना बोलवा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फुटपाथवर राहणारे चार-पाच जण त्या बैठकीत असायलाच हवेत आणि त्यांनी आधी बोलायला हवे. ज्यांच्यासाठी काम करायचे तेच बैठकीत नसतील तर आपण आपल्या मनाने योजना आखतो आणि ती फसते.

दोन, रात्रीची मोजणी. रात्री अकरानंतर दोघा-तिघांच्या गटाने आपापला रस्ता वाटून घ्यावा. प्रत्येक गटात एक तरी स्त्री असावी. आधी परवानगी विचारावी. किती जण, कुटुंब की एकटे, किती वर्षांपासून, काय काम, कोणता आजार, कोणते कागद आहेत आणि सर्वांत आधी काय हवे, एवढे पुरे. फोटो काढू नयेत. नावांची यादी आपल्याकडेच सुरक्षित ठेवावी. महापालिकेला आकडे द्यावेत, नावे आणि नेमक्या जागा देऊ नयेत. नाहीतर मदतीसाठी केलेली यादी हटवण्यासाठी वापरली जाते.

तीन, कामाची वाटणी. सगळ्यांनी सगळे केले की पाच ठिकाणी खिचडी वाटली जाते आणि रुग्णालयात न्यायला कोणी नसते. गुरुद्वाऱ्याला लंगरचा अनुभव आहे, जेवण त्यांच्या देखरेखीखाली ठेवावे. डॉक्टरांनी आठवड्यातला एक दिवस द्यावा. एनएसएसच्या मुलांनी कागदपत्रे पाहावीत. बचत गटाने बायकांशी बोलावे. आपल्या कार्यकर्त्यांना निवेदने, मोर्चे आणि कार्यालयातले हेलपाटे यांची सवय आहे, पाठपुरावा आपण घ्यावा.

चार, कागद. आधार, मतदार ओळखपत्र, बँक खाते, रेशनकार्ड या क्रमाने चालावे. आधारसाठी आमदार, खासदार किंवा नगरसेवक यांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र चालते. मान्यताप्राप्त निवाऱ्यात राहणाऱ्याला निवाऱ्याच्या प्रमुखाचे प्रमाणपत्र चालते. कागद मिळाल्यावर ते रस्त्यावर टिकत नाहीत. पावसात भिजतात, अतिक्रमणाच्या गाडीत सामानाबरोबर जातात. म्हणून विहाराच्या किंवा मंडळाच्या कपाटात प्रत्येकासाठी एक प्लॅस्टिकचे पाकीट ठेवावे आणि मालकाला हवे तेव्हा मिळेल अशी सोय करावी. एवढ्या साध्या गोष्टीने कितीतरी वर्षांची वणवण वाचते.

पाच, निवाऱ्याची मागणी. मोजणीचे आकडे, १ लाखामागे एक हा निकष, माहिती अधिकारातले उत्तर आणि वॉर्डात रिकामी पडलेली पालिकेची इमारत, या चार गोष्टी एका निवेदनात बांधून सहाय्यक आयुक्तांकडे द्याव्यात. सही एका संघटनेची नको, बैठकीतल्या सगळ्यांची हवी. विहार, मशीद, चर्च आणि गणेश मंडळ यांची सही एका कागदावर आली की तो कागद बाजूला ठेवणे कठीण जाते. निवारा कुठे हवा हेही ठरवून सांगावे. दादरला काम करणाऱ्याला दूर उपनगराच्या टोकाला निवारा दिला तर तो तिथे जाणार नाही. मग अधिकारी म्हणतात, बघा, यांना निवारा नकोच आहे. तसेच फक्त पुरुषांचा निवारा झाला तर कुटुंब फुटते. बाई-मुले रस्त्यावर आणि बाप आत, असे कोणी स्वीकारत नाही.

सहा, खोलीसाठी निधी. रस्त्यावरच्या कितीतरी कुटुंबांची महिन्याचे भाडे भरण्याची ऐपत असते. अडते ते डिपॉझिटवर आणि ओळखीवर. भिशीची पद्धत आपल्या घराघरांत आहे. वॉर्डातल्या मंडळांनी मिळून डिपॉझिटची भिशी काढावी. रक्कम थेट घरमालकाला द्यावी, ओळख मंडळाने द्यावी आणि कुटुंबाने ती हप्त्याने परत करावी, म्हणजे पुढच्या कुटुंबाला मिळेल. वर्षात पाच कुटुंबे जरी खोलीत गेली तरी ते पाच हजार पाकिटांपेक्षा मोठे काम आहे.

सात, आजार आणि संकट. मूल एकटे दिसले तर १०९८, वृद्धांसाठी १४५६७, मानसिक त्रासासाठी १४४१६ हे क्रमांक प्रत्येक कार्यकर्त्याच्या फोनमध्ये असावेत. कोणाला पोलिसांनी उचलले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया आणि मुले यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. मनोरुग्णांच्या बाबतीत कर्जतजवळ काम करणाऱ्या श्रद्धा पुनर्वसन फाउंडेशनचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. डॉ. भरत वाटवानी यांना या कामासाठी २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावरच्या रुग्णावर उपचार करून त्याला त्याच्या गावी घरच्यांकडे पोहोचवणे, अशी त्यांची रीत आहे. विसरलेले गाव उपचारांनंतर आठवते, हे त्यांच्या कामातून हजारो वेळा सिद्ध झाले आहे.

काय टाळावे?

पाकीट हातात देताना फोटो काढू नये. आपल्याला कोणी तसा फोटो काढलेला चालेल का, हा प्रश्न पुरेसा आहे. फाटके कपडे देऊ नयेत. मदतीच्या बदल्यात कोणाच्याही गळ्यात कोणताही धर्म, पक्ष किंवा झेंडा अडकवू नये. हा नियम पहिल्या बैठकीतच सगळ्यांनी मान्य करावा, नाहीतर दुसऱ्या बैठकीला निम्मे लोक येत नाहीत. बॅनरवर कोणाचे नाव वर, यावरून काम मोडते. त्यापेक्षा बॅनरच नको.

दोन शंका

आपल्याच समाजात इतकी गरिबी आहे, मग बाहेरच्यांसाठी कशाला, असे कोणी विचारते. फुटपाथवर जाऊन मोजा म्हणजे उत्तर मिळेल. तिथे आपली माणसे आहेत, मातंग आहेत, पारधी आहेत, मुस्लिम आहेत, उत्तरेतून आलेले कामगार आहेत. निवारा मिळवला तर तो सगळ्यांना मिळतो. फक्त आपल्यांसाठी मागितला तर कोणालाच मिळत नाही.

दुसरी शंका, ते व्यसनी असतात. काही असतात. बंगल्यांतही असतात. तिथे दार लावता येते म्हणून दिसत नाही एवढेच.

मोजणीची रात्र जवळ येते आहे

पुढची जनगणना १ मार्च २०२७ या तारखेच्या आधाराने होणार आहे आणि या वेळी जातींची नोंदही होणार आहे. मागच्या वेळी बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली गेली होती. जो माणूस त्या रात्री कागदावर येणार नाही, तो पुढची कितीतरी वर्षे निवाऱ्याच्या, रेशनच्या, घराच्या हिशोबात नसेल आणि त्याच्या जातीची, धर्माचीही नोंद होणार नाही. सामाजिक न्यायाच्या सगळ्या मागण्या आकड्यांवर उभ्या राहतात. म्हणून आपल्या भागात कोण कुठे झोपते याची माहिती आधीच हाती असणे, प्रगणकाबरोबर त्या रात्री आपला कार्यकर्ता फिरणे आणि फुटपाथवरच्या माणसाला ही मोजणी काय आहे हे आधी समजावून सांगणे, हे काम आत्ताच सुरू करावे लागेल.

पुढच्या जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा डिपॉझिटच्या भिशीसाठी बाजूला काढता येईल. वर्षावासात तीन महिने विहारात ग्रंथवाचनाला माणसे जमतात, त्यातल्या एका रविवारी वॉर्डाची बैठक घेता येईल. पावसाच्या इशाऱ्याच्या रात्री हॉल उघडा ठेवण्याची जबाबदारी दोन तरुणांना देता येईल. यातल्या एकाही गोष्टीसाठी सरकारच्या परवानगीची गरज नाही. बाकीचे सरकारकडून भांडून घ्यायचे आहे, आणि भांडायला जाताना शेजारच्या गुरुद्वाऱ्यातला माणूस, मशिदीतला माणूस आणि फुटपाथवरची बाई आपल्या सोबत असली पाहिजे.

जय भीम, नमो बुद्धाय.